पोरीला थांबवा, पोराला आणा: दातांना तारा लावायच्या कधी?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणीकडच्या एका शेतकरी वडिलांचा आहे. थोडक्यात असा: मुलगी साडेआठ वर्षांची. तिचे वरचे पुढचे दात पंख्यासारखे फाकलेत, मधे फट आहे. गावात महिन्यातून एकदा येणाऱ्या एका दातांच्या डॉक्टरने 'आत्ताच तारा लावा, नाहीतर चेहरा बिघडेल' असं सांगितलं. मुलगा बारा वर्षांचा, वरचे दात बरेच पुढे, ओठ मिटत नाहीत. त्याच्याबद्दल मात्र घरातले सगळे म्हणतात, दहावी होऊ द्या, मग पाहू. पैशाची सोय सध्या एकाचीच होऊ शकते. आधी कोणाचं करू, आणि मुळात सुरुवातीचं योग्य वय कोणतं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी वाटतं की तुमच्या घरी हे उलटं धरलंय. जिची घाई चाललीय ती पोरगी थांबू शकते, आणि ज्याला थांबवून ठेवलंय त्या पोराची वेळ निघून चाललीय. तोंडात पाहिल्याशिवाय मी शिक्का मारत नाही. पण गेली बावीस वर्षं दातांची डॉक्टर म्हणून वणी, पांढरकवडा, राळेगाव अशा गावांतल्या दवाखान्यांत ठरलेल्या वारी जाऊन बसते आहे, आणि अशा भावंडांच्या जोड्या इतक्या पाहिल्यात की निदान कुठे पाहायचं ते सांगू शकते.

सगळा गोंधळ होतो तो दोन वयं एक समजल्यामुळे. पहिल्यांदा दाखवायचं वय वेगळं, तारा लावायचं वय वेगळं. दाखवायचं सातव्या वर्षाच्या आसपास. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांची, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांची संघटनाही सातव्या वर्षापर्यंत एक तपासणी करून घ्या म्हणते. आणि त्या तपासणीतून दहातल्या बहुतेक पोरांना मी घरी पाठवते, 'पुढच्या उन्हाळ्यात या' म्हणून. काही बाप यावर नाराज होतात. एवढा ५० किलोमीटर आलो, भाड्याचे पैसे गेले, आणि बाईने काहीच केलं नाही! पण काहीच न करणं हाही उपचारातला निर्णय असतो, आणि तो घ्यायला पोराचं तोंड पाहावंच लागतं.

आता मुलीचं. तोंडातला दातांचा क्रम एकदा समजला की तुमची अर्धी काळजी जाईल. सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना काहीच पडत नाही, म्हणून सगळ्यांना ती दुधाचीच वाटते. ती कायमची असते. सगळ्यात जास्त किडणारी आणि सगळ्यात आधी काढली जाणारी कायमची दाढ हीच, आणि पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा असतो. मग सहा-सातला खालचे पटाशीचे दोन दात. ते पुष्कळदा दुधाच्या दातांच्या मागून डोकावतात, आया घाबरतात की दोन रांगा झाल्या. दुधाचा हलत असेल तर हलवत राहू द्या, हलत नसेल तर काढून घ्या. मागचा दात जिभेच्या रेट्याने बहुतेक वेळा स्वतःच पुढे येतो. सात-आठला वरचे दोन मोठे, आठ-नऊला त्यांच्या बाजूचे. मग जवळपास दीड वर्ष शांतता. दहा ते बारात उपदाढा, म्हणजे सुळ्यामागच्या छोट्या दाढा, आणि सुळे, बाराच्या पुढे दुसरी दाढ.

तुमची पोरगी त्या शांततेच्या उंबरठ्यावर आहे. या वयात वरचे कायमचे सुळे अजून हाडात, वर नाकाच्या बाजूला असतात आणि खाली उतरताना शेजारच्या दातांच्या मुळांना दाबतात. मुळं दाबली की दाताचं वरचं टोक बाहेर फाकतं. झालं तुमचं पंख्यासारखं. इंग्रजी पुस्तकांत या अवस्थेला बदकाच्या कुरूप पिल्लाचं नाव दिलंय. मला ते नाव आवडत नाही, कारण एकदा मी पोरीसमोरच ते बोलून गेले आणि ती रडायला लागली. अकरा-बाराला सुळे खाली आले की ते दातांना आत रेटतात आणि दोनेक मिलिमीटरपर्यंतची फट बहुतेकदा आपोआप मिटते. त्याहून मोठी असेल तर मग एक्स-रे काढून पाहायचं, मधे जास्तीचा एखादा दात अडकलाय का, ओठाखालची पट्टी जाड होऊन दातांच्या मधे उतरली आहे का.

मग आत्ताच तारा लावून फट ओढून घेतली तर काय बिघडलं? बिघडू शकतं. सुळा वर ज्या मुळाला टेकलाय तेच मूळ आपण त्याच्यावर ढकलतो आणि मूळ झिजायची भीती असते. शिवाय दुसरं एक बिघडतं, जे एक्स-रेत दिसत नाही. ते मी माझ्याच चुकीतून शिकले.

दवाखाना सुरू करून दुसरंच वर्ष होतं. तुमच्या मुलीएवढी एक पोरगी आली. आई म्हणाली, "मॅडम, शाळेत पोट्टे लय चिडवून राहिले हिले, करा नं काही." मी चार दातांवर ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवायचे छोटे तुकडे लावले, सात महिन्यांत फट मिटवली, फोटो काढले आणि स्वतःवर खूश झाले. दात परत सरकू नयेत म्हणून घालायचं रिटेनर दिलं, ते पहिल्याच पावसाळ्यात हरवलं. फट परत आली. बाराव्या वर्षी सुळे दाटीने वर चढून आले, खऱ्या उपचाराची वेळ तेव्हा झाली, आणि पोरगी तोंड उघडायला तयार नाही. वडिलांनी हात जोडले, "आता नाही जी, झालं नं एकदा." चूक त्यांची नव्हती. पोराचा धीर आणि बापाच्या चकरा मोजक्याच असतात, आणि मी त्या नको तिथे खर्च करून टाकल्या होत्या.

म्हणून तुमच्या मुलीला आज तारा नकोत, पण तपासणी हवी. कारण साडेआठ वर्षांच्या तोंडात काही गोष्टी अशा असू शकतात ज्या थांबत नाहीत.

पहिली, उलटा दात. वरचा पुढचा दात खालच्या दाताच्या आत जाऊन बसतो. दर घासाला खालचा दात बाहेर ढकलला जातो आणि त्याची हिरडी खाली सरकत जाते. मारेगावकडची एक सात वर्षांची पोर आठवते. वरचा दात नुकताच अर्धा निघालेला, उलटा. खालच्या दाताची हिरडी शेजारच्यापेक्षा उतरलेली स्पष्ट दिसत होती. दात अजून निघतच होता, जागा होती, पोरगी समजूतदार होती. म्हणून मी तिला आइस्क्रीमची सपाट लाकडी काडी दिली. काडीचं टोक वरच्या दाताच्या मागे ठेवायचं, हनुवटीचा आधार घेऊन काडी हळू दाबायची, दहा-वीस वेळा, जेवणाआधी. आजीने मनावर घेतलं. तीन आठवड्यांनी आली तेव्हा दात पुढे आला होता, आणि एकदा पुढे आला की खालचाच दात त्याला परत आत जाऊ देत नाही. खर्च काडीचा. हे वाचून घरी सुरू करू नका बरं का. दात पूर्ण आलेला असेल किंवा जागा नसेल तर काडीने काही होत नाही, काढ-घालीची छोटी प्लेट काही महिने लागते. पण हाच दात बाराव्या वर्षापर्यंत तसाच राहिला तर गेलेली हिरडी सहसा आपोआप भरून येत नाही.

मागच्या दाढांचंही असं होतं. वरचा जबडा अरुंद असला की पोर दाढा जुळवायला खालचा जबडा एका बाजूला सरकवतं. हे तुम्ही घरी पाहू शकता. सकाळी उजेडात अंगणात बसवा, तोंड उघडायला सांगा, मग हळूहळू मिटायला सांगा. मिटता मिटता अगदी शेवटी हनुवटी उजवीकडे किंवा डावीकडे सरकली तर मला दाखवायला आणा. टाळूच्या मधली शिवण या वयात सैल असते, जबडा रुंद करणं सोपं जातं. वर्षानुवर्षं एकाच बाजूने चावत राहिलं तर चेहराही हळूहळू तिरपा व्हायला लागतो.

खालचा जबडाच पुढे, हनुवटी पुढे, आणि आजोबा-काकांचीही तशीच असेल, तर अजिबात थांबू नका. वरचा जबडा पुढे ओढायचं बाहेरून लावायचं साधन असतं, ते आठ-नऊच्या आतबाहेर जास्त चांगलं काम करतं. तरी घराण्यातली हनुवटी वाढायची थांबत नाही, काहींना अठरानंतर शस्त्रक्रिया लागतेच. हे मी आईबापांना पहिल्याच दिवशी सांगून टाकते.

अंगठा चोखण्याबद्दल फार लिहीत नाही. चौथ्या वर्षापर्यंत ओरडू नका. कायमचे पुढचे दात यायला लागले आणि तरी सुटत नसेल तर आणा. मिरची लावणं, चटके देणं बंद करा, त्याने सवय रात्री पांघरुणात जाते एवढंच. आणि पोर झोपेत तोंडाने श्वास घेत असेल, घोरत असेल, तर माझ्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा.

आता जरा थांबून दुधाच्या दाढांबद्दल बोलते, कारण आपल्या भागात तारांची गरज वाढवणारी सगळ्यात मोठी गोष्ट माझ्या मते हीच आहे. सहा-सात वर्षांचं पोर दाढ दुखते म्हणून रात्रभर रडतं, बाप सकाळी गाडीवर बसवून आणतो आणि सांगतो, "काढून टाका नं, दुधाचीच तर आहे, पडणारच आहे." दुधाचा दात पडला की शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर फेकायचा, नवा येईल, हे आपण लहानपणी सगळ्यांनीच केलंय. पुढच्या दातांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण दुधाची मागची दाढ पडते दहा ते बाराच्या दरम्यान. ती सहाव्या वर्षी काढली तर चार-पाच वर्षं ती जागा उघडी. तुम्ही शेतकरी, तुम्हाला वेगळं काय सांगू. धुऱ्यावरचा दगड काढला की शेजाऱ्याचा नांगर दर वर्षी एकेक सरीने आत येतो. ती सहाव्या वर्षाची कायमची दाढ अगदी तशीच पुढे सरकते, आणि मग खालून येणाऱ्या उपदाढेला जागाच उरत नाही. ती हाडात अडकते किंवा जिभेकडून वाकडी निघते.

म्हणून पहिला प्रयत्न दाढ वाचवायचा. दुधाच्या दाढेचीही नस साफ करून वर कॅप बसवता येते. काढावीच लागली तर मागच्या दाढेला बारीक पट्टी आणि तिला पुढे तारेची एक कडी, जागा धरून ठेवायला. पाच-दहा मिनिटांत बसते. नंतरच्या दोन वर्षांच्या तारांपुढे तिचा खर्च काहीच नाही. उपदाढ डोकं काढायला लागली की कडी काढून टाकायची. हे मात्र लोक विसरतात, आणि कडी लावलेली पोरं मला तीन वर्षांनी भेटतात, कडी हिरडीत रुतलेली.

आणखी एक, निसर्गाने ठेवलेली शिल्लक. दुधाच्या दाढा त्यांच्या जागी येणाऱ्या उपदाढांपेक्षा रुंद असतात. खालच्या जबड्यात दोन्ही बाजू मिळून साधारण साडेतीन मिलिमीटर जागा त्यामुळे मोकळी होते. खालचे पुढचे दात थोडेच दाटीत असतील, तर त्या दाढा पडायच्या आत, दहा-अकराच्या सुमारास, आतून एक तार लावून ही जागा पुढच्या दातांसाठी राखता येते. मुलीच्या तपासणीत मी हेही मोजेन. ती सध्या थांबू शकते म्हणजे तिला विसरून जायचं असं नाही.

दहा वर्षं पूर्ण झाली की तिच्या तोंडात बोट घालून एक गोष्ट पाहायची, आणि ती तुमची बायकोही पाहू शकते. हात धुऊन, वरचा ओठ उचलून, दुधाच्या सुळ्याच्या वर हिरडीवर तर्जनी फिरवायची. आत हरभऱ्याएवढा टणक फुगवटा लागला पाहिजे. तो उतरणारा कायमचा सुळा. दोन्ही बाजूंना लागला तर उत्तम. एका बाजूला लागला आणि दुसऱ्या बाजूला बोट सपाट फिरलं, तर दहा-अकराच्या दरम्यान एक्स-रे काढायचा. सुळा टाळूकडे वळलेला असेल तर कधीकधी त्या वयात नुसता दुधाचा सुळा काढला तरी कायमचा सुळा वाट सापडून खाली येतो. हेच चौदा-पंधराला कळलं तर हिरडी उघडून, सुळ्याला साखळी लावून वर्षभर ओढत बसावं लागतं. दोन मिनिटांच्या तपासणीने वाचणारं वर्ष.

आता मुलगा. त्याच्याविषयी मला खरी घाई आहे.

दात पुढे असण्याची दोन कारणं असतात. एक तर दातच पुढे झुकलेले, नाहीतर खालचा जबडा मागे राहिलेला. आपल्याकडे ओठ न मिटणारी बरीच पोरं दुसऱ्या प्रकारची असतात, आणि त्यांच्यात आपण वाढीचाच उपयोग करून घेतो. खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी वर-खालची प्लेटची जोडी द्यायची. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये काढलेली ट्विन ब्लॉक आम्ही सगळ्यात जास्त वापरतो. सहा ते नऊ महिने, जेवतानासुद्धा घालून. पण ही प्लेट वाढत्या पोरावरच काम करते. झाड वाढत असतानाच खुंटाला बांधता येतं.

पोरांची उंची झपाट्याने वाढायचा काळ साधारण बारा ते चौदा, पोरींचा दहा ते बारा. पोरीची पाळी सुरू झाली की तो जोर बहुतेक ओसरलेला असतो, म्हणून आयांना मी हे बाजूला घेऊन विचारते. पोरांच्या बाबतीत विचारते: चप्पल किती दिवसांत लहान झाली? दारावर उंचीची खूण करता का? आवाज फुटला का? शिवाय बाजूने काढलेल्या डोक्याच्या एक्स-रेत मानेच्या मणक्यांच्या आकारावरून वाढ किती उरली याचा अंदाज येतो. तुमचा मुलगा बाराचा. म्हणजे मुद्दाम ठरवून यावं अशी वेळ. दहावी होईपर्यंत तो सोळाचा होईल. तेव्हाही तारा लागतात, दात सरळही होतात, पण मागे राहिलेला जबडा मागेच राहतो. मग दोन चांगल्या उपदाढा काढून वरचे दात मागे घ्या, किंवा मोठेपणी जबड्याची शस्त्रक्रिया करा, एवढेच रस्ते उरतात.

"मग आठव्या वर्षीच का नाही आणलं?" असा प्रश्न पडेल. यावर अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये पोरांचे दोन गट करून चांगले अभ्यास झालेत. आठ-नऊला प्लेट सुरू केलेल्यांचा आणि बारा-तेराला सुरू केलेल्यांचा शेवट जवळपास सारखाच आला. फरक एवढाच की लवकर सुरू केलेल्यांचे पुढचे दात पडझडीत कमी तुटले. म्हणून पोर फार धडपडं असेल आणि दात खूपच पुढे असतील तर मी लवकर सुरू करते, एरवी नाही. तुमचं पोर कबड्डी खेळतं, बैलगाडीच्या मागे लोंबकळतं, तर ही भीती आजही आहेच. कायमचा दात मुळासकट निखळून पडलाच तर मुळाला हात न लावता वरच्या टोकाला धरा, घासू नका, दुधाच्या कपात टाका आणि तासाच्या आत दवाखाना गाठा. दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नसतो.

तुमच्या मुलाचा एकूण हिशेब असा बसेल: सहा-नऊ महिने प्लेट, मग दीडेक वर्ष तारा, मग रात्री रिटेनर, ते निदान दोन वर्षं. तारा असताना दर चार ते सहा आठवड्यांनी यावं लागतं, म्हणजे सगळ्या मिळून पंचवीसेक चकरा. पैशाआधी चकरांचा विचार करा. सुरुवात कापूस वेचणीच्या ऐन गर्दीत करू नका. घरात कोणाला सवड नाही म्हणून पहिलेच दोन महिने चुकतात आणि प्लेट डब्यात पडून राहते. दहावीच्या वर्षाच्या आत सगळं आटोपलं पाहिजे, म्हणून यंदाच. आणि ज्या डॉक्टरकडे जाल त्याला पहिल्याच दिवशी विचारा: एकूण किती, हप्ते कसे, ब्रॅकेट तुटला तर वेगळे पैसे का, आणि तुम्ही या गावात महिन्यातून किती वेळा येता. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तारा लावून गेलेले डॉक्टर परत आलेच नाहीत, अशा पोरांच्या तारा मी काढत बसते. दातांची पदवी झाल्यावर आणखी तीन वर्षं फक्त हेच शिकलेले ऑर्थोडॉन्टिस्ट असतात, ते आहेत का एवढं विचारायला लाजू नका. पैशाची अडचण मोठी असेल तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे; तिथे वेळ लागतो, रांग असते, पण काम शिकवणाऱ्यांच्या नजरेखाली होतं.

आपल्या भागाची दोन दुखणी वेगळी. एक, बोअरचं पाणी. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर दीड. अशा पाण्यावर वाढलेल्या पोरांच्या दातांवर पांढरे-तपकिरी चट्टे असतात आणि अशा दातावर ब्रॅकेट नीट चिकटत नाही, वारंवार सुटतो. तुमच्या गावात तसं असेल तर आधीच सांगा, म्हणजे मी दाढांना चिकटवायच्या तुकड्याऐवजी पट्ट्या बसवीन. दुसरं दुखणं खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. बारा-तेराच्या पोरांच्या खिशातही पुडी निघते, भाऊ. मी आईबापांना बाहेर बसवून पोराला एकट्याला विचारते. सुपारीने ब्रॅकेट उडतात हा भाग सोडा. पोराचं तोंड पुरतं उघडत नसेल, तिखट झोंबत असेल, तर तारांचा विषय बाजूला राहतो आणि आधी ते पाहावं लागतं.

खाण्याचं म्हणाल तर भाकर, वरण, भाजी सगळं चालतं. ऊस दाताने सोलायचा नाही, फुटाणे, बोरांच्या बिया, कडक रोडग्याचा पापुद्रा नाही; तर्री-पोह्यावरचा चिवडाही भिजू दिला की चालतो. तारांच्या कडेला अन्न अडकलं आणि ब्रश झाला नाही, तर तारा काढल्यावर प्रत्येक दातावर पांढरी चौकट उमटलेली दिसते. जे पोर आज सांगितल्याशिवाय एकदाही ब्रश करत नाही, त्याला मी तारा लावत नाही. दोन महिने देते, ब्रश करून दाखव म्हणते. यावर बाप भांडतात. भांडू देते.

एक राहिलं. पत्रात तुम्ही लिहिलंत की पोरगी आहे, उद्या लग्नाचं पाहावं लागेल, म्हणून तिचं आधी. तिची काळजी करता हे चांगलंच आहे. पण साडेआठ वर्षांच्या पोरीच्या लग्नाची घाई दातांना नसते. तिच्या वाट्याचे पैसे आज मुलावर खर्च झाले म्हणून तिचं नुकसान होणार नाही, एवढंच मनात पक्कं ठेवा, की दोन-अडीच वर्षांनी, पाळी सुरू व्हायच्या आधी, तिचा नंबर येईल तेव्हा 'आता पुरे झालं' म्हणायचं नाही. पोरींच्या बाबतीत ते फार वेळा म्हटलं जातं.

तर या उन्हाळ्याआधी दोघांनाही घेऊन या, भाडं एकदाच लागेल. मुलाचा ओपीजी, म्हणजे सगळे दात एकत्र दिसणारा एक्स-रे, आणि बाजूचा एक्स-रे जिल्ह्याच्या गावी काढावा लागेल, तो आधीच काढून आणलात तर एक चक्कर वाचेल. मुलीचा मी सांगितल्याशिवाय काढू नका. घरात कोणाचा जबडा पुढे-मागे असेल तर त्यांचा बाजूने काढलेला एखादा जुना फोटो आणा, लग्नाच्या अल्बममधला चालेल. आणि मुलाला त्या दिवशी सकाळी भरपेट जेवू घालू नका. माप घेताना तोंडात ओला लगदा धरावा लागतो, आणि एसटीत हेलकावे खात आलेलं पोर भरल्या पोटी माझ्या ॲप्रनवर ओकतं.